सॉक्स-२: मेंदूच्या पेशींचा वायरमन

१९९० मध्ये लंडनला नर-लिंग ठरवणारा एसआरवाय जीन सापडला. त्याच्या भावंडांना ‘सॉक्स’ हे नाव मिळालं. २००३ मध्ये कळलं, सॉक्स-२ बिघडला तर बाळ डोळ्यांशिवाय जन्मू शकतं.

एका जीनचा एवढा परिणाम? मी कोड लिहिणारा, म्हणून असं सांगतो: जीन एकीकडे, त्याचा स्विच लांब दुसरीकडे. डीएनएला वेटोळं पडलं की दोघं भेटतात.

२०१९ मध्ये इटलीतल्या सिल्व्हिया निकोलिस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की उंदराच्या मेंदूच्या स्टेम सेल्समधून सॉक्स-२ काढला तर अशी कित्येक वेटोळी सुटतात. या पेशी फार काळ टिकतही नाहीत. पण एसओसीएस-३ हा एकच जीन परत चालू केला, आणि त्या पुन्हा वाढू लागल्या!

म्हणजे सॉक्स-२ नुसता स्विच दाबत नाही, वायरिंगही सांभाळतो.