वेगवान जुनी मोटार : खरेदी स्वस्त, देखभाल महाग

आई-वडील, दोन मुले आणि आठवडाभराचे सामान घेऊन गावी जाणारी, पण चढावर पुढचा ट्रक ओलांडताना जराही न धापणारी मोटार आपल्या दारात असावी, ही अनेक वाहनप्रेमींची जुनी इच्छा आहे. नव्या रूपात अशी मोटार मध्यमवर्गीय अंदाजपत्रकात बसत नाही. जुन्या मोटारींच्या बाजारात मात्र ती मूळ किमतीच्या काही अंशात मिळू शकते. भारतात या वर्गाचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. अशी मोटार घेताना किती रुपये मोजावे लागतील, याची चौकशी सगळेच करतात. ती सांभाळायला किती लागतील, हा प्रश्न बहुधा पहिल्या मोठ्या दुरुस्तीनंतर पडतो. तो आधी विचारता यावा, यासाठी ही माहिती.

आरएसची वाटचाल

स्कोडा ही चेक प्रजासत्ताकातील म्लादा बोलेस्लाव येथील कंपनी. १९९१ मध्ये ती फोक्सवॅगन समूहाशी जोडली गेली आणि १९९६ मध्ये तिने नवी ऑक्टाव्हिया बाजारात आणली. २००० साली तिची आरएस आवृत्ती सादर झाली. 'रॅली स्पोर्ट' या शब्दांची ही आद्याक्षरे कंपनीने १९७० च्या दशकात आपल्या रॅलीच्या मोटारींसाठी वापरली होती. ब्रिटनमधील अनेक पोलीस दलांनी पुढे हीच मोटार गस्तीसाठी निवडली.

या मोटारीचे महाराष्ट्राशी नाते जवळचे आहे. तत्कालीन औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथील प्रकल्पात २००१ पासून ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू झाली. २००४ मध्ये आरएस भारतात आली. १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १५० अश्वशक्ती आणि पाच गिअर असे तिचे स्वरूप होते. टर्बो म्हणजे डिझेल, असे समीकरण असण्याच्या त्या काळात ही मोटार वेगळी ठरली. दुसरी पिढी भारतात 'लॉरा' या नावाने आली. २०११ मध्ये तिच्या आरएस आवृत्तीला १६० अश्वशक्तीचे १.८ टीएसआय इंजिन मिळाले. २०१३ मध्ये ऑक्टाव्हिया हे नाव परतले. त्या पिढीतील साधी १.८ टीएसआयसुद्धा १८० अश्वशक्तीची असल्याने, आरएसचा बिल्ला नसतानाही ती याच वर्गात मोडते.

२०१७ मध्ये २३० अश्वशक्तीची आरएस २४ लाख ६२ हजार रुपये या एक्स-शोरूम किमतीला आली. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ती ६.८ सेकंदांत गाठते, असा कंपनीचा दावा होता. २०२० मध्ये २४५ अश्वशक्तीच्या केवळ २०० मोटारी आयात झाल्या. त्यांची किंमत ३५ लाख ९९ हजार होती. २०२३ मध्ये ऑक्टाव्हियाची भारतातील नियमित विक्री थांबली. ऑक्टोबर २०२५ मध्ये २६५ अश्वशक्तीची आरएस परतली, तीही फक्त १०० मोटारींपुरती आणि ४९ लाख ९९ हजार रुपयांना.

या सर्व पिढ्यांत एक गुण समान राहिला. मागच्या काचेसह वर उचलला जाणारा पाचवा दरवाजा आणि त्यामागे सामानाची प्रशस्त जागा. तिसऱ्या पिढीत ही जागा ५९० लिटर आहे. लग्नकार्याच्या बॅगा, मुलाची सायकल किंवा आजोबांची चाकांची खुर्ची त्यात सहज मावते. वेग आणि संसार एकत्र नांदतात ते इथे.

किंमत का पडते?

जुन्या बाजारात मागणी असते ती कमी इंधन पिणाऱ्या, कुठल्याही गॅरेजात दुरुस्त होणाऱ्या मोटारीला. मोठे टर्बो पेट्रोल इंजिन, महाग सुटे भाग आणि जाणकार कारागिरांची वानवा यांमुळे ऑक्टाव्हियासारख्या मोटारीचे गिऱ्हाईक मर्यादित राहते. साध्या ऑक्टाव्हियाची किंमत त्यामुळे झपाट्याने उतरते. थोड्याच आयात झालेल्या २४५ अश्वशक्तीच्या आरएससारख्या मोटारी याला काहीशा अपवाद आहेत, कारण त्यांना संग्राहकांची मागणी असते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. मोटारीची किंमत वयानुसार घटते. तिच्या सुट्या भागांची घटत नाही. दहा वर्षांच्या मोटारीला टर्बोचार्जर लागला, तर तो दहा वर्षे जुन्या दराने मिळत नाही. लहान हॅचबॅकच्या किमतीत घेतलेल्या मोटारीला ब्रेकच्या डिस्क, शॉक अॅब्सॉर्बर आणि टायर मात्र वीस-पंचवीस लाखांच्या मोटारीचेच लागतात. अनेक व्यवहार फसतात ते या एका मुद्द्यावर.

कोणत्या पिढीत काय पाहावे?

पहिल्या पिढीच्या १.८ टर्बो इंजिनात टायमिंग बेल्ट असतो. तो चालू इंजिनात तुटला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि अख्खे इंजिन उघडावे लागते. मोटार कमी धावली असली तरी रबर वयाने कुजते. त्यामुळे बेल्ट बदलल्याचे बिल दिसत नसेल, तर तो बदललेलाच नाही असे समजून चालावे. त्याच वेळी पाण्याचा पंप बदलणे शहाणपणाचे, कारण त्यासाठी पुन्हा तेवढीच मजुरी पडते. इग्निशन कॉइल निकामी होणे आणि हवेच्या रबरी नळ्यांना चिरा पडणे, हे या इंजिनाचे परिचित आजार आहेत. तुलनेने ते स्वस्तात बरे होतात.

लॉराच्या काळातील १.८ टीएसआय इंजिनात बेल्टऐवजी साखळी आली. ही साखळी ताणून धरणारा टेन्शनर कमजोर झाल्यास रात्रभर उभी असलेली मोटार सुरू करताना काही सेकंद खडखडाट ऐकू येतो. तो दुर्लक्षित राहिला, तर साखळी घसरून इंजिनाची हानी होते. इंजिन ऑइल जास्त खाण्याची तक्रारही या पिढीच्या इंजिनांबाबत जगभर नोंदली गेली आहे. तेलाची पातळी दर हजार किलोमीटरला पाहण्याची सवय येथे उपयोगी पडते.

तिसऱ्या पिढीत मुख्य प्रश्न गिअरबॉक्सचा आहे. १.८ टीएसआयच्या ऑटोमॅटिक आवृत्तीत सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी आहे. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने याच प्रकारच्या गिअरबॉक्सच्या तेलाबाबत सुमारे १६ लाख मोटारी जगभरातून तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. शहरी कोंडीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हिसके बसणे, गिअर दाखवणारे चिन्ह लुकलुकणे ही धोक्याची लक्षणे. क्लचचा संच किंवा 'मेकॅट्रॉनिक' हा नियंत्रक बदलावा लागल्यास बिल लाखाच्या घरात जाऊ शकते. २०१७ च्या आरएसमधील सहा गिअरचा डीएसजी तेलात बुडालेल्या क्लचचा असून अधिक दणकट मानला जातो. त्याचे तेल व फिल्टर मात्र ६० हजार किलोमीटरला बदललेच पाहिजेत.

व्यवहारापूर्वीची तपासणी

मोटार सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना पाहावी. विक्रेत्याने ती आधीच सुरू करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. थंड इंजिनच साखळीचा आवाज आणि सायलेन्सरमधून येणारा निळसर धूर दाखवते. संगणकीय निदानयंत्र लावून इंजिन, गिअरबॉक्स, एबीएस आणि एअरबॅग यांच्या नोंदी स्वतंत्रपणे वाचून घ्याव्यात. मीटर मागे फिरवले असेल, तर धावलेल्या किलोमीटरचा खरा आकडा काही वेळा अशा इतर नोंदींत सापडतो.

सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहावा. त्याच्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाचा डाग असेल, तर मोटार पुरात बुडालेली असण्याची शक्यता असते. जादा चाकाच्या खळग्यातला गंजही तेच सांगतो. टायरच्या कडेवरील चार अंकी आकडा त्याचे वय सांगतो. '३४१९' म्हणजे २०१९ चा ३४ वा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील, तर आधीच्या मालकाने आणखी कुठे काटकसर केली असेल, याचा अंदाज बांधता येतो.

इंजिनाच्या संगणकात फेरफार करून ताकद वाढवण्याची, म्हणजे 'रिमॅप'ची पद्धत या मोटारींत सर्रास आहे. अशा मोटारीचा क्लच आणि टर्बो मूळ अपेक्षेपेक्षा जास्त ताण सोसत असतात. उत्पादकाच्या मूळ तपशिलात बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे निर्बंध आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते अधोरेखित केले आहेत. विमा कंपनीपासून दडवलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येऊ शकतो.

२०२५ पर्यंत देशभर २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल रूढ झाले आहे. जुन्या पिढ्यांच्या मोटारी त्यासाठी घडवलेल्या नाहीत. इंधनाच्या नळ्या आणि रबरी सील तपासून घेणे, आवश्यक तेथे बदलणे हा खर्चही हिशेबात धरावा.

कागदपत्रे

आरसीवरील इंजिन व चॅसी क्रमांक प्रत्यक्ष मोटारीशी ताडून पाहावेत. नाव हस्तांतरासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. कर्जाचा बोजा असेल, तर तो उतरवण्यासाठी बँकेच्या पत्रासह फॉर्म ३५ आणि मोटार परराज्यातील असल्यास तेथील ना हरकत प्रमाणपत्रासाठी फॉर्म २८ लागतो. दिल्लीत पेट्रोल मोटारींना १५ आणि डिझेलच्या मोटारींना १० वर्षांच्या मर्यादेचे आदेश निघाल्यानंतर तेथील मोटारी इतरत्र स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या. त्यांची किंमत आकर्षक दिसते, पण महाराष्ट्रात नोंदणी करताना येथील कर नव्याने भरावा लागतो. तो जमेस धरूनच तुलना करावी.

विकणाऱ्यानेही नाव बदलेपर्यंत स्वस्थ बसू नये. अपघात झाल्यास नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक मानला जाईल, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे वैध असते. त्यानंतर फिटनेस तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपये झाले आणि २० वर्षांवरील मोटारींसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार करण्यात आले. महाराष्ट्रात पर्यावरण कर त्याशिवाय भरावा लागतो. २००४ च्या पहिल्या आरएस मोटारींनी विशी ओलांडली आहे.

विम्याचा हिशेब

१५०० सीसीवरील खासगी मोटारीच्या थर्ड पार्टी विम्याचा वार्षिक हप्ता जून २०२२ पासून ७,८९७ रुपये ठरवण्यात आला. मोटार विकत घेतल्यावर १४ दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करून घ्यावा. थर्ड पार्टी संरक्षण मोटारीबरोबर येते, पण स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीची भरपाई नाव बदलल्याशिवाय मिळत नाही. 'नो क्लेम बोनस' जुन्या मालकाकडेच राहतो.

खरी मेख पुढे आहे. 'झिरो डेप' सुविधा जुन्या मोटारींना सहसा मिळत नाही. सर्वसाधारण विम्यात प्लॅस्टिक व रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. मोटार दहा वर्षांवरील असल्यास धातूच्या भागांवरही तेवढाच. दुरुस्तीचा खर्च विमित मूल्याच्या ७५ टक्क्यांपुढे गेला, की मोटार पूर्ण नष्ट झाल्याचे धरले जाते. समजा, मोटारीचे विमित मूल्य चार लाख आहे. समोरून धडक बसून दिवे, रेडिएटर, बॉनेट आणि दोन एअरबॅग गेल्या, तर दुरुस्ती तीन लाखांच्या पुढे जायला वेळ लागत नाही. रस्त्यावरून धावू शकली असती अशी मोटार त्या दिवशी भंगारात निघते.

वेगाआधी ब्रेक

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींसाठी वेगमर्यादा सपाट भागात ताशी १०० किलोमीटर, घाटात त्याहून कमी आहे आणि २०२४ पासून तेथे कॅमेऱ्यांची नजर आहे. म्हणजे या मोटारीची निम्मी ताकदही कायद्याने वापरता येत नाही. तिचा खरा उपयोग सुरक्षित ओव्हरटेकमध्ये, भरल्या मोटारीने चढ चढण्यात आणि अचानक थांबण्यात आहे. म्हणूनच पहिला पैसा टायर, ब्रेक आणि सस्पेन्शनवर खर्च व्हावा. चकचकीत अलॉय आणि मोठ्या आवाजाचा सायलेन्सर नंतर किंवा कधीच नाही. मागच्या आसनावर मुले बसणार असतील, तर एअरबॅगचा दिवा मोटार सुरू केल्यावर पेटून विझतो की मुद्दाम काढून टाकला आहे, हे आवर्जून पाहावे.

मग घ्यावी की नाही?

घरातील एकमेव मोटार म्हणून आणि रोज कामावर जाण्यासाठी अशी जुनी मोटार घेणे जोखमीचे आहे. एखादा सुटा भाग मागवावा लागला, तर ती आठवडाभर गॅरेजात उभी राहू शकते. दुसरे वाहन घरात असेल, या इंजिनांचा जाणकार मेकॅनिक शहरात असेल आणि खरेदीच्या किमतीच्या किमान चौथा हिस्सा पहिल्या वर्षाच्या कामांसाठी बाजूला ठेवता येत असेल, तर मात्र विचार करायला हरकत नाही. चार लाख हाताशी असतील, तर तीन लाखांची मोटार शोधावी. बिलांची जाड फाइल असलेली, एकाच मालकाने सांभाळलेली साधी १.८ टीएसआय ही कागदपत्रांविना मिळणाऱ्या स्वस्त आरएसपेक्षा केव्हाही चांगली. बिल्ला नंतरही चिकटवता येतो, सर्व्हिसिंगचा इतिहास मागाहून तयार करता येत नाही.