निर्वात डबीची कुळकथा

घरी बांधलेल्या विमानाच्या इंजिनात इनलेट मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर बहुतेक वेळा मोटारीचा असतो. विमानाने तो मोटारीकडून उसना घेतला, असं सगळे धरून चालतात. माझ्या मते ही विमानाचीच वस्तू आहे, मोटारीकडे राहून परत आलेली.

गोष्ट निर्वातापासून सुरू होते. सतराव्या शतकात माग्देबुर्गच्या गेरिकेने भांड्यातली हवा पंपाने उपसून दाखवली. १८४४ साली फ्रान्सच्या विदीने हवा काढलेल्या धातूच्या डबीवर वायुभारमापक चालवला. पुढे विमानाचा अल्टिमीटरही याच डबीवर चालला. दुसऱ्या महायुद्धातल्या डाइमलर-बेन्झच्या डीबी ६०१ इंजिनात बॉशचा पंप इंधन किती सोडणार, हे मॅनिफोल्डच्या दाबानुसार अशाच डब्या ठरवत.

खरी गंमत १९६७ची. त्या वर्षी बॉशची डी-जेट्रॉनिक इंधन-इंजेक्शन प्रणाली फोक्सवॅगन १६००वर आली. तिचा सेन्सर उघडला की आत निर्वात डब्या दिसतात. दाब बदलला की त्या लोखंडी गाभा तारेच्या वेटोळ्यात सरकवतात. त्यावरून इंजेक्टर किती वेळ उघडा राहणार ते ठरतं. जुळणीचा स्क्रू कारखान्यातच इपॉक्सीने बुजवलेला असतो. हौशी मंडळी तो बुजवा कोरून काढतात आणि निर्वात पंप लावून जुळणी नव्याने करतात.

यावर आक्षेप ठरलेला: इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची ही कल्पना अमेरिकेच्या बेंडिक्सची, १९५७च्या इलेक्ट्रोजेक्टरची, आणि बॉशने तिचं लायसन्स घेतलं होतं. ते खरंच आहे. पण बेंडिक्स कोण? युद्धकाळातल्या विमानांचे कार्बुरेटर बनवणारी कंपनी, आणि उंचीप्रमाणे मिश्रण सांभाळायला त्यांतही अशीच डबी. म्हणजे वाद कसाही सुटला तरी मूळ विमानातच सापडतं.

आजच्या सेन्सरमध्ये डबीऐवजी सिलिकॉनचा पडदा असतो. बहुतेकांत त्यामागे निर्वात पोकळी मात्र तशीच सीलबंद. म्हणून हा सेन्सर शून्यापासूनचा दाब सांगतो, आणि कॅलिब्रेशनची पहिली पायरी इंजिन बंद ठेवून होते: तेव्हा त्याने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायलाच हवा.

इथेच पुष्कळ जण फसतात. हवामान केंद्र समुद्रसपाटीवर आणलेला आकडा देतं. १९२०पासून ग्लायडर स्पर्धांसाठी गाजलेल्या, ९५० मीटर उंचीच्या जर्मनीतल्या वासरकुप्पे डोंगरावर प्रमाण हवेत खरा दाब ९०४ हेक्टोपास्कल, समुद्रसपाटीचा १०१३. पुण्यात खरा दाब साधारण ९४८. तेव्हा सेन्सर जुळवताना क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीवर आणलेला दाब, घेऊ नका; क्यूएफई, म्हणजे धावपट्टीवरचा खरा दाब, घ्या.