खोडावरचे दोन पतंग

उर्दू शायरीत परवाना शमेवर जळतो, मराठी कवितेत पतंग दिव्यावर झेप घेतो. आम्हा कवींनी त्याला शतकानुशतके जाळले. पण उजाडल्यावर तो बसतो कुठे, हे पाहायला आमच्यातले कुणी गेले नाही.

ज्यांनी पाहिले, त्यांच्या खटपटीतून कीटकांची बहुधा सर्वांत गाजलेली दोन छायाचित्रे निघाली. मी ती मुलीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात पाहिली. एकात दगडफुलाने पांढरट झालेले खोड, दुसऱ्यात काजळीने काळवंडलेले. दोन्हींवर एक पांढरा आणि एक काळा पतंग. पहिल्यात पांढरा शोधावा लागतो, दुसऱ्यात काळा.

हे पतंग इंग्लंडचे. पांढऱ्या पंखांवर मिरपूड भुरभुरल्यासारखे ठिपके, म्हणून नाव 'पेपर्ड मॉथ'. १८४८ मध्ये मँचेस्टरला त्याच्या काळ्या प्रकाराची नोंद झाली आणि १८९५ पर्यंत तिथले शंभरातले अठ्ठ्याण्णव पतंग काळे झाले. धुराने झाडे काळी पडली, पांढरे उठून दिसू लागले, पाखरांनी ते टिपले, असा तर्क होता. पण टिपताना पाहिले कुणी?

बर्नार्ड केटलवेल यांनी १९५३ मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या काजळलेल्या रानात खुणा केलेले पतंग सोडले. काळ्यांपैकी २७.५ टक्के पुन्हा हाती लागले, पांढऱ्यांपैकी १३. डॉर्सेटच्या स्वच्छ रानात १९५५ मध्ये हिशेब उलटला : काळे ६, पांढरे १२.५. तिथे निको टिनबर्गेन कॅमेरा घेऊन आडोशाला बसले आणि पतंग उचलणारी पाखरे त्यांनी फिल्मवर पकडली. १९७३ च्या नोबेलचे मानकरी ते हेच.

पुस्तकातल्या चित्रांची गोष्ट मात्र वेगळी. दोन रंगांचे पतंग एका खोडावर शेजारी शेजारी कशाला बसतील? चित्रासाठी ते मांडले जात. काही चित्रांत तर मेलेले पतंग डकवलेले होते. चित्राखाली तसे लिहिलेले नसे. १९९० च्या दशकाअखेर याचा गवगवा झाला आणि उत्क्रांतीच्या विरोधकांना आयते कोलीत मिळाले. चित्र बनावट, म्हणजे प्रयोगही बनावट!

हा तर्क चुकीचाच. पण त्यामागची चीड मला समजते. कवितेतला पतंग कवीने मांडलेला आहे, हे वाचकाला ठाऊक असते. छायाचित्राला मात्र लोक साक्षीदार मानतात. शिवाय, केटलवेल यांनी पतंग दिवसा थेट खोडांवर सोडले, हा आक्षेप रास्तच होता.

केंब्रिजच्या मायकेल मेजरस यांनी तो मनावर घेतला. सहा वर्षे त्यांनी आपल्या बागेत ४,८६४ पतंग सोडले, तेही रात्री, म्हणजे जागा पतंगानेच निवडावी. सकाळी दुर्बीण घेऊन ते पाहत बसत. झाडांवर चढून त्यांनी आपापल्या जागी बसलेले १३५ पतंगही शोधले : निम्म्याहून अधिक फांद्यांवर, ३५ टक्के खोडांवर. स्वच्छ हवेत पाखरांनी काळेच जास्त खाल्ले. २००९ मध्ये मेजरस वारले. त्यांचे आकडे चार शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले.

१९५६ च्या कायद्यानंतर इंग्लंडमधला धूर ओसरत गेला आणि काळा पतंग दुर्मीळ झाला. आज कुणाला ते जुने चित्र पुन्हा घ्यायचे असेल, तर दोघांना खोडावर मांडावेच लागेल.