आजीबाईंना लिहिलेली पत्रं

केडगाव म्हटलं की आम्हा नगरकरांना आधी रेणुकामातेचं देऊळ आठवतं. पण ज्या केडगावचं नाव शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंड-अमेरिकेतल्या बायकांच्या तोंडी होतं, ते आमचं नव्हे. ते पुणे जिल्ह्यातलं, पुणे-दौंड लोहमार्गावरचं. मी गावाचं नाव सांगितलं की बाहेरची जाणती माणसं विचारतात, ‘म्हणजे पंडिता रमाबाईंचं?’ नाही म्हणता म्हणता मी रमाबाईंच्या पत्रांपर्यंत जाऊन पोचलो. आज त्या पत्रांविषयी बोलायचं आहे.

एकोणिसाव्या शतकात आपल्याकडच्या मुलींसाठी जे काम उभं राहिलं, त्यातलं बरंच टपालावर उभं राहिलं. आनंदीबाई जोशी यांचंच पाहा. नवव्या वर्षी लग्न झालेलं, चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलेलं. न्यू जर्सीतल्या मिसेस कार्पेंटर दाताच्या डॉक्टरांकडे बसल्या असताना त्यांनी एका मासिकात या जोडप्याविषयी वाचलं आणि 1880 मध्ये पत्र धाडलं. जहाजानं जाणारी ती पत्रं, उत्तर यायला आठवडेच्या आठवडे लागत. पण त्या पत्रांतून एक मावशी आणि एक भाची तयार झाली. 1883 मध्ये आनंदीबाई अमेरिकेला गेल्या त्या या मावशीच्या घरी. 11 मार्च 1886 रोजी त्या डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला कॉलेजच्या डीन रेचेल बॉडली यांच्या आमंत्रणावरून इंग्लंडहून रमाबाई आल्या होत्या.

रमाबाई इंग्लंडला गेल्या 1883 मध्ये. आईवडील दुष्काळात गेले, भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला. पदरी मनोरमा, जेमतेम दोन वर्षांची. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण कानांनी साथ दिली नाही. वाँटेजच्या मठात सिस्टर जेराल्डीन यांनी मायलेकींना आसरा दिला. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला दोघींचा बाप्तिस्मा झाला. या सिस्टरना रमाबाई पत्रात ‘आजीबाई’ म्हणत. इंग्रजी पत्रात आपला मराठी शब्द!

पण आजीबाई म्हटलं तरी ही पत्रं गोडगोड नाहीत. चेल्टनहॅमच्या कॉलेजात रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का, यावर बिशपमंडळींनी हरकत घेतली. रमाबाईंचं उत्तर असं, की मी शिकवण्याला माझ्या वडिलांनी कधी हरकत घेतली नाही, नवऱ्यानं घेतली नाही. मग तुम्ही कोण? प्राचार्या डोरोथिया बील यांनी त्यांना प्रश्न विचारू दिले. जेराल्डीन यांना मात्र आज्ञापालन हवं होतं. रमाबाईंचं म्हणणं, एका भटभिक्षुकशाहीचं जोखड मोठ्या कष्टानं उतरवलं आहे, दुसरं मानेवर घेणार नाही.

सर्वांत अवघड वाद होता मनोरमेचा. या मुलीला धर्मातलं काय शिकवायचं आणि ते ठरवायचं कुणी? जन्मदात्या आईनं, की सांभाळणाऱ्या आजीनं? माझं घर मुसलमान, लिहिणं मराठी. मुलाच्या कानावर घरात काय पडावं आणि शाळेत काय, हा प्रश्न मला पुस्तकातून कळलेला नाही. म्हणून ही पत्रं मला फार जवळची वाटतात. त्यातही गंमत अशी, की वाद चालू असताना 1886 मध्ये रमाबाईंनी पाचेक वर्षांच्या मनोरमेला अमेरिकेतून परत पाठवलं, ते याच आजीबाईंकडे. भांडण होतं, पण विश्वास तुटलेला नव्हता.

पुढे हाच प्रश्न रमाबाईंवर उलटला. 1887 च्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. गावोगाव ‘रमाबाई मंडळं’ निघाली. सभासदानं दहा वर्षं दरसाल एक डॉलर द्यायचा. त्या डॉलरांतून 11 मार्च 1889 रोजी मुंबईत बालविधवांसाठी ‘शारदा सदन’ उघडलं. पुढल्या वर्षी ते पुण्याला गेलं. अट अशी, की इथं कोणताच धर्म शिकवायचा नाही. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडं असे. मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’नं झोड उठवली. 1893 मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी अनेक मुली काढून नेल्या.

इथं मी कुणा एकाची बाजू घेऊ शकत नाही. पालकांची भीती अगदीच निराधार नव्हती. पुढे केडगावचं ‘मुक्ती’ उघडपणे ख्रिस्ती झालं. पण केशवपन झालेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलीला त्या सदनाबाहेर दुसरं दार कुठं होतं? त्याच सदनातली गोदूबाई 11 मार्च 1893 रोजी धोंडो केशव कर्वे यांची पत्नी झाली, हेही त्याच वर्षातलं. अमेरिकेतल्या बायकांनी काय केलं? तक्रारी कानावर आल्या म्हणून पैसे थांबवले नाहीत, की डोळे मिटून विश्वासही ठेवला नाही. त्यांच्या प्रतिनिधी जुडिथ अँड्र्यूज स्वतः हिंदुस्थानात आल्या, पाहिलं, आणि काम चालू राहिलं.

म्हणूनच 1896-97 चा दुष्काळ आला तेव्हा रमाबाईंच्या हाताशी जागा होती. केडगावला स्टेशनजवळ सुमारे शंभर एकर जमीन त्यांनी आधीच घेतलेली. मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली-बायका त्यांनी आणल्या. त्या स्वतः दुष्काळातून वाचलेल्या होत्या. भुकेलं पोर त्यांना अहवालातून समजून घ्यावं लागलं नाही. त्याच वर्षी पुण्यातल्या प्लेगच्या दवाखान्यात आपल्या एका मुलीच्या वाट्याला काय आलं, हे त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहून जगापुढे मांडलं. सरकारनं आरोप नाकारले. बाईंनी लेखणी खाली ठेवली नाही. बिशप असो की गव्हर्नर, मुलीचा प्रश्न आला की त्यांची भाषा एकच.

शांतता म्हणजे सगळ्यांचं एकमत, असं आपण धरून चालतो. या बायकांचं एकमत फारसं कधी झालंच नाही. देव, चर्च, मुलीचं शिक्षण, सगळ्यांवर वाद. तरी पत्रं चालू राहिली, आणि पत्रं चालू होती म्हणून मुलींना छप्पर मिळत राहिलं. शांततेची मला कळलेली व्याख्या एवढीच: वाद मिटायची वाट न पाहता पोरांच्या जेवणाची सोय करत राहणं.

मनोरमाबाई मोठ्या होऊन आईच्या कामाला लागल्या. 1921 मध्ये त्या गेल्या. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. मुक्ती मिशन केडगावला आजही निराधार स्त्रिया आणि मुलांसाठी काम करतं. पत्रांचं काय झालं? ती जेराल्डीन यांनीच जपली, नीट लावून ठेवली. ज्या पत्रांत त्यांचं स्वतःचं म्हणणं खोडून काढलेलं आहे, तीसुद्धा. 1977 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं ती पुस्तकरूपानं काढली. संपादक होते अ. भि. शहा, आमच्या हमीद दलवाईंचे सहकारी. एका ख्रिस्ती सिस्टरनं जपलेली, ब्राह्मण घरातून निघालेल्या बाईची पत्रं, धर्मनिरपेक्षतेसाठी आयुष्य वेचलेल्या माणसानं छापली. आपल्याविरुद्ध लिहिलेलं पत्र फाडून टाकणं सोपं असतं. आजीबाईंनी ते फाडलं नाही, म्हणून रमाबाईंचा आवाज आज आपल्याला ऐकू येतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)