ऑटोपायलट बंदच होता

विमान भलतीकडे वळलं किंवा भलतंच उतरू लागलं, तर वैमानिकाने ऑटोपायलट बंद करून विमान हाती घ्यावं. एवढं साधं न केल्याने माणसं मरतात. माळशिरसच्या चहाच्या टपरीपासून वाहिन्यांवरच्या चर्चेपर्यंत हे मत ठामपणे ऐकू येतं. ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. यंत्राचं वागणं उमगेना तर एक पायरी खाली उतरा, हे वैमानिकांनाही शिकवलं जातं. सूत्र खरं. त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा.

14 फेब्रुवारी 1990. मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं 605 क्रमांकाचं विमान बंगळूरच्या धावपट्टीअलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळलं. 146 पैकी 92 जण गेले. भर दुपार, स्वच्छ हवा, नवंकोरं ए-320. प्रतिपक्षाने सांगावं, ऑटोपायलट चालू होता का? नव्हता. शेवटच्या क्षणांत एका वैमानिकाने तसं विचारलं होतं आणि दुसऱ्याने बंद असल्याचं सांगितलं होतं.

मग घात कुठे झाला? ए-320मध्ये ऑटोपायलट सोडला तरी ऑटोथ्रस्ट, म्हणजे इंजिनांचा जोर सांभाळणारी यंत्रणा, चालू राहू शकते. त्या दिवशी ती ‘आयडल ओपन डिसेंट’मध्ये होती: इंजिनं मंद ठेवायची आणि वेग राखायचा तो नाक वर-खाली करून. अशा वेळी उंची टिकवायला नाक वर ओढलं की वेग घसरणारच. सुटकेची वाट होती. नाक कुठे ठेवावं हे पडद्यावर दाखवणारे दोघांचेही फ्लाइट डायरेक्टर बंद केले असते, तर ऑटोथ्रस्ट वेग राखायला लागला असता. एकाचा बंद झाला. दुसऱ्याचा राहिला. 132 नॉटचा वेग 106वर आला. मंदावलेल्या जेट इंजिनाला पुन्हा जोर धरायला काही सेकंद लागतात, आणि तेवढे उरले नव्हते. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या आमच्याकडच्या ट्रॅक्टरवाल्याला हे लगेच कळेल: स्टिअरिंग तुझ्या हातात, ॲक्सिलरेटर दुसऱ्याच्या पायाखाली, आणि पुढे चढ.

‘म्हणजे यंत्रच बिथरलं’, असंही कुणी म्हणेल. अपघातानंतर सरकारने ए-320चा ताफा काही महिने जमिनीवर बसवला, तेव्हा तोच संशय हवेत होता. पण यंत्राने हुकूम मोडला, याला पुरावा कोणता? उतरण्याचा दर ठरवायच्या बटणाऐवजी शेजारचं, उंची ठरवायचं बटण फिरवलं गेलं असावं, ही शक्यता चौकशीत पुढे आली. यंत्राने सांगितलं तेच केलं. सांगायचं होतं ते वेगळं होतं. अशी दोन बटणं शेजारी-शेजारी बसवणाऱ्याला मी सोडत नाही, पण तो खटला निराळा.

वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपण ‘आयडल ओपन डिसेंट’मध्ये आहोत, हे त्या कॉकपिटमध्ये मोठ्याने बोललं गेलं होतं. फ्लाइट डायरेक्टर बंद करण्याची बातही निघाली होती. तरी एक चालू राहिला. ‘बंद करा’ म्हणणाऱ्यांनी आता एवढंच सांगावं: नेमकं काय काय?