२१ जूनचा सूर्य, २४ जूनचा सण

१/८
उत्तर गोलार्धातील सर्वांत मोठा दिवस २१ जूनच्या सुमारास येतो. युरोपातील 'मिडसमर', म्हणजे मध्यग्रीष्माचा सण, मात्र परंपरेने २४ जूनचा. दर वर्षी या सुमारास 'हा मूळचा सूर्योत्सव, चर्चने बळकावला' असे विधान फिरते. ते तपासायचे तर या तीन दिवसांच्या फरकापासून सुरुवात करावी.

२/८
प्रथम नावाविषयी. जूनमधला दिवस उन्हाळ्याचा 'मध्य' कसा? इ.स. ७२५ मध्ये बीड नावाच्या इंग्लिश मठवासीयाने नोंदवले की, जुने अँगल लोक दोनच ऋतू मानीत. दिवस रात्रीहून मोठा तो उन्हाळा, उरलेला हिवाळा. या गणनेत अयनदिन बरोबर मध्यावर येतो.

३/८
आता तारीख. इ.स.पू. ४५ मध्ये ज्युलियस सीझरची दिनदर्शिका लागू झाली. तीत अयनदिनांच्या रूढ तारखा २५ डिसेंबर आणि २४ जून अशा होत्या; थोरला प्लिनी त्याच देतो.

४/८
पुढे चर्चने ख्रिस्तजन्म २५ डिसेंबरला मानला. ल्यूकच्या शुभवर्तमानानुसार बाप्तिस्मा करणारा योहान येशूहून सहा महिन्यांनी मोठा. म्हणून त्याचा जन्मोत्सव २४ जूनला. योहानाच्या जन्मानंतर दिवस घटतो, ख्रिस्ताच्या जन्मानंतर वाढतो, हा अर्थ संत ऑगस्टीनने प्रवचनांत उलगडला.

५/८
परंतु ज्युलियन वर्ष सौरवर्षाहून सुमारे ११ मिनिटांनी मोठे होते. सोळाव्या शतकापर्यंत अयनदिन १२ जूनच्या आसपास सरकला. योहानाच्या नावाच्या होळ्या मात्र २३ जूनच्याच रात्री पेटत राहिल्या.

६/८
१५८२ मध्ये पोप तेरावा ग्रेगरी याने दहा दिवस वगळले. त्याला ईस्टरची गणना सुधारायची होती. म्हणून वसंतसंपात इ.स. ३२५ च्या नायसिया धर्मपरिषदेच्या काळाप्रमाणे २१ मार्चला आणला गेला. सीझरच्या काळापर्यंत मागे जायचे, तर आणखी सुमारे तीन दिवस वगळावे लागले असते. २१ आणि २४ जूनमधील अंतर ते हेच.

७/८
पोर्तुगीजांबरोबर हा सण गोव्यात आला आणि 'सांजांव' झाला. येथे सर्वांत मोठा दिवस सुमारे तेरा तासांचाच, तोही बहुधा ढगांआड. मग विस्तवाची जागा पाण्याने घेतली: डोक्यावर फुलापानांचे कोपेल, भरलेल्या विहिरींत उड्या, नव्या जावयाचे कौतुक. तारीख तीच राहिली, अर्थ पावसाने दिला.

८/८
तात्पर्य, उन्हाळ्याच्या मध्याची कल्पना जुनी आहे, २४ ही तारीख रोमन दिनदर्शिकेची, योहानाचे नाव चर्चचे, विहीर गोव्याची. 'बळकावला' या एका शब्दात हे चारही थर पुसले जातात. सणाचे मूळ शोधताना प्रत्येक थराचा काळ स्वतंत्रपणे ठरवावा लागतो.