लाल टोपीचं बिननावाचं भावंड

आमच्या तंत्रनिकेतनाच्या दुसऱ्या मजल्यावर एका दारावर पिवळ्या ऑइलपेंटनं ‘सेंट-ओएस लॅब’ असं लिहिलंय. पाटी 2008 सालची. दर वर्षी नव्या बॅचमधलं कुणीतरी विचारतंच, ‘‘मॅडम, सेंट म्हणजे अत्तर का?’’ अत्तराचा काही संबंध नाही. ‘कम्युनिटी एंटरप्राइज ऑपरेटिंग सिस्टीम’ या लांबलचक नावाचं ते आखूड रूप. पण पाटीवरची ती ओएस आता आत एकाही मशीनवर नाही. ती का गेली, हे सांगायला आधी ती आली कशी तिथून सुरुवात करावी लागते.

मी नोकरीला लागले तेव्हा लॅबमध्ये रेड हॅट लिनक्स 9 होतं, तीन सीड्यांवरचं. त्या काळी इंटरनेट डायल-अपचं. एक सीडी उतरवायची तर दिवस-रात्र फोन अडकून पडायचा आणि मधेच लाइन तुटायची. त्यामुळे लिनक्स यायचं ते कुणाच्या तरी पिशवीतून, नाहीतर मासिकातून. 1996 मध्ये ‘पीसीक्वेस्ट’नं अंकाबरोबर लिनक्सची सीडी दिली. त्या उपक्रमामागे अतुल चिटणीस होते. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांचं पहिलं लिनक्स त्या अंकाच्या प्लास्टिकच्या पाकिटातूनच निघालं.

मग 2003 च्या नोव्हेंबरात रेड हॅट कंपनीनं जाहीर केलं, की ही फुकटची मालिका बंद. 30 एप्रिल 2004 नंतर आवृत्ती 9 ला दुरुस्त्या मिळणार नाहीत. पुढे वाटा दोन. एक फेडोरा, फुकट पण सारखं बदलणारं. आम्ही प्रात्यक्षिकांची पुस्तिका झेरॉक्स करून आणेपर्यंत त्याची पुढची आवृत्ती आलेली असायची. दुसरी एंटरप्राइज लिनक्स, वर्षानुवर्षं स्थिर, पण वार्षिक वर्गणीवर आणि तीही दर मशीनमागे. वीस मशीनची वर्गणी मागायला प्राचार्यांच्या केबिनमध्ये जायची माझी हिंमत झाली नाही.

तिसरी वाट काही स्वयंसेवकांनी काढली. जीपीएल परवान्यामुळे रेड हॅटला सोर्स कोड खुला ठेवणं भाग होतं, आणि ती तो सगळ्यांनाच उतरवू देत असे. नाव आणि लाल टोपीचं चित्र मात्र कंपनीच्या मालकीचं. या मंडळींनी तो कोड घेतला, नाव-चित्र पुसलं, पुन्हा कंपाइल केला आणि 2004 मध्ये सेंट-ओएस म्हणून वाटायला काढला. कंपनीच्या वकिलांनी नाव वापरण्यावरून हटकल्यावर तर ते मूळ कंपनीचा उल्लेख ‘उत्तर अमेरिकेतला एक प्रमुख एंटरप्राइज लिनक्स विक्रेता’ असा करू लागले. नवऱ्याचं नाव न घेता ‘इकडून सांगणं झालं’ म्हणणाऱ्या आमच्या आजीची मला तेव्हा आठवण झाली.

विद्यार्थ्यांसाठी म्हणून हे कुणीच बनवलं नव्हतं. तरीही ते त्यांच्या इतकं कामी आलं, कारण पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत जे चालायचं तेच, अगदी त्याच फाइली, त्याच आज्ञा, आमच्या लॅबमध्ये होत्या. एकेका आवृत्तीला सात, पुढे दहा वर्षं दुरुस्त्या मिळत. आणि मोडलं तर? परत टाकायचं. सर्व्हर सांभाळणं शिकायचं तर तो आधी बिघडवता आला पाहिजे, असं माझं मत आहे.

याची परीक्षा 2010 मध्ये झाली. प्रात्यक्षिक होतं डीएचसीपीचं, म्हणजे जाळ्यातल्या मशीनना आपोआप पत्ते वाटणारा सर्व्हर उभा करायचं. एका मुलानं फाइल लिहिली, सेवा सुरू केली, पडद्यावर चौकटी कंसात हिरवं ‘ओके’ उमटलं. मी जर्नलवर सही केली. सेवा बंद करायला तो विसरला आणि मीही. दुपारी लोडशेडिंग झालं. दोन वाजता वीज आली आणि ऑफिसातली सगळी मशीन एकदम चालू झाली. चालू होताना मशीन जाळ्यात ओरडून विचारतं, ‘मला कुणी पत्ता देता का?’, आणि बहुधा जो आधी उत्तर देईल त्याचंच ऐकतं. कॉलेजचा राउटर अजून डोळे चोळत होता. आमच्या पोराचा सर्व्हर यूपीएसवर, टक्क जागा. त्यानं ऑफिसला धडाधड पत्ते वाटले, पुढे कुठेच न जाणारे. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचा शेवटचा दिवस. हेडक्लार्क जिना चढून आले तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

दुसऱ्या दिवशी मी आठ पोर्टचे तीन स्विच मागवले, डेडस्टॉक रजिस्टरला चढवले आणि लॅबची कॉलेजच्या जाळ्याकडे जाणारी केबल उपटून टाकली. पॅकेज घ्यायला इंटरनेट नको म्हणून एका मशीनवर अख्खी डीव्हीडी उतरवून तिथूनच ‘यम’ या पॅकेज बसवणाऱ्या आज्ञेनं सगळ्यांना पुरवठा सुरू केला. हे करताना मुलं वेब सर्व्हर शिकली, ते वेगळंच. त्या मुलाला टर्मवर्कला 25 पैकी 23 दिले.

फुकटच्या संसाराला धोके असतातच. 2009 मध्ये सेंट-ओएसच्या मंडळींना आपल्याच एका संस्थापकाला जाहीर पत्र लिहावं लागलं. संकेतस्थळाचं नाव त्याच्या ताब्यात आणि तो महिनोन्‌महिने दाद देत नव्हता. पत्रानंतर काही दिवसांत मिटलं. 2014 मध्ये रेड हॅटनंच प्रकल्प पंखाखाली घेतला, 2019 मध्ये रेड हॅट आयबीएमकडे गेली. आणि 8 डिसेंबर 2020 ला घोषणा झाली: 2029 पर्यंत चालेल असं वाटलेली आवृत्ती 8 ही 2021 अखेर बंद. पुढे फक्त ‘स्ट्रीम’, म्हणजे एंटरप्राइजच्या एक पाऊल पुढे चालणारं रूप. रेड हॅटनं नंतर सोळा मशीनपर्यंत एंटरप्राइज फुकट वापरायची सोय केली. पण ती नोंदणी करणाऱ्या एकेका माणसासाठी, लॅबसाठी नव्हे. आवृत्ती 8 अशी मधेच बंद करणं मला शब्द मोडणं वाटलं आणि आजही वाटतं.

सेंट-ओएसच्या संस्थापकांपैकी ग्रेगरी कर्ट्झर यांनी लगेच नवा प्रकल्प जाहीर केला आणि त्याला दिवंगत सहसंस्थापक रॉकी मॅकगॉ यांचं नाव दिलं. मार्च 2021 मध्ये तसंच दुसरं, अल्मालिनक्स, आलं, जूनमध्ये रॉकी. आम्ही रॉकी घेतलं. आवृत्ती 9 मात्र आमच्या कोअर टू ड्युओ मशीननी उचलली नाही; तिला त्याहून नवा प्रोसेसर लागतो. म्हणून वीसही मशीनवर 8 आहे.

शेवटचं सेंट-ओएस 7 आमच्या फाइल सर्व्हरवर उरलं होतं. 30 जून 2024 ला त्याच्याही दुरुस्त्या थांबल्या. बॅकअप घेऊन ते मुलांनीच उतरवलं. जर्नलमध्ये ते प्रात्यक्षिक क्रमांक 9 आहे. पाटी मी रंगवलेली नाही. आतली रॉकीची आवृत्ती 8 ही मे 2029 पर्यंत चालेल, म्हणजे पाटीवरच्या नावाकडून जिथवर अपेक्षा होती तिथवरच.